'फँड्री'ची समीक्षा : काव्यात्मता, जात आणि नजरेआड राहिलेले श्रम

मराठी चित्रपटसृष्टीत एखाद्या दिग्दर्शकाच्या पहिल्याच दीर्घ चित्रपटाने समीक्षेची परिभाषा तपासून पाहण्यास भाग पाडावे, असे प्रसंग थोडे आहेत. १४ फेब्रुवारी २०१४ रोजी प्रदर्शित झालेला नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' हा त्यांपैकी एक होय. करमाळा तालुक्यातील जेऊरचा हा दिग्दर्शक त्यापूर्वी 'उन्हाच्या कटाविरुद्ध' या संग्रहाचा कवी म्हणून आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या 'पिस्तुल्या' या लघुपटाचा कर्ता म्हणून परिचित होता. प्रदर्शनापूर्वीच ऑक्टोबर २०१३ मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात 'फँड्री'ला परीक्षकांचे पारितोषिक मिळाले होते. त्यामुळे तो प्रेक्षकांपर्यंत पोहोचण्याच्या आधीच त्याच्याभोवती कौतुकाचे एक वलय तयार झाले होते. प्रस्तुत निबंधात या चित्रपटाच्या गुणवत्तेची फेरमांडणी करण्याचा हेतू नाही. त्याच्या स्वागतात कोणते शब्द वापरले गेले, त्या शब्दांनी काय दाखवले आणि काय झाकले, याचा ऐतिहासिक मागोवा घेण्याचा हा प्रयत्न आहे.

दारिद्र्यातील बालपणावर बेतलेल्या पहिल्या चित्रपटाला समीक्षेने कोणते नाव द्यावे, हा प्रश्न 'फँड्री'पुरता मर्यादित नाही. सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' १९५५ साली प्रदर्शित झाला आणि १९५६ साली कान महोत्सवात त्याला उत्कृष्ट 'मानवी दस्तऐवज' म्हणून गौरवण्यात आले. हा शब्दप्रयोग गौरवाचा असला तरी त्यात एक अंतर आहे. दस्तऐवज म्हटला की तो कोणीतरी दुसऱ्याने वाचायचा असतो. पुढे १९८० मध्ये अभिनेत्री आणि राज्यसभा सदस्य नर्गिस यांनी राय हे भारताच्या दारिद्र्याची निर्यात करतात, असा आक्षेप घेतला. कौतुक आणि आक्षेप हे दोन्ही एकाच गृहीतावर उभे होते, ते म्हणजे दारिद्र्य ही बाहेरून पाहण्याची वस्तू आहे. स्कॉटलंडच्या लिन रॅमझी यांचा पहिला चित्रपट 'रॅटकॅचर' १९९९ साली कानमध्ये दाखवला गेला, तेव्हा हीच अडचण निराळ्या रूपात पुढे आली. १९७३ च्या सुमाराचे ग्लासगो शहर, सफाई कामगारांच्या संपामुळे साचलेले कचऱ्याचे ढीग, कालव्याकाठचा एक अबोल मुलगा, असा तो विषय. ब्रिटिश समीक्षेत केन लोच यांच्या 'केस' (१९६९) पासून चालत आलेल्या सामाजिक वास्तववादाच्या परंपरेत तो नीट बसेना, म्हणून त्याच्यासाठी 'काव्यात्म' हे विशेषण सर्रास योजले गेले. हे विशेषण चुकीचे नव्हते. परंतु त्याच्या आडोशाला संप आणि घरांचा प्रश्न हळूहळू पार्श्वभूमीत सरकले, हेही नाकारता येत नाही.

मराठीत या विषयाची परंपरा वेगळी आहे. आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई' (१९५३) या चित्रपटाला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक लाभले आणि गरिबीतील बालपण म्हणजे संस्काराची कथा, असे एक समीकरण दृढ झाले. त्यानंतरच्या काळात 'टिंग्या' (२००८) मध्ये शेतकऱ्याचा मुलगा आणि त्याचा बैल, 'शाळा' मध्ये निमशहरी मध्यमवर्गीय पौगंडावस्था अशी बालपणाची निरनिराळी रूपे पडद्यावर आली. शिवाजी लोटन पाटील यांच्या 'धग' (२०१२) ने स्मशानातील कामावर जगणाऱ्या कुटुंबातील मुलाकडे पाहिले. तो अपवाद वगळता मराठी प्रेक्षकाला आणि समीक्षकाला बालपण हे स्मरणरंजनाच्या दारातून आत घेण्याची सवय झालेली होती. 'फँड्री' आला तोही प्रथम याच दारातून.

प्रदर्शनासाठी निवडलेला दिवस प्रेमिकांचा होता. जाहिरातीसाठी अजय-अतुल यांनी केलेले गीत प्रत्यक्ष चित्रपटात नाही, परंतु प्रेक्षकांच्या मनात चित्रपटाची पहिली प्रतिमा त्या गीतानेच उभी केली. साहजिकच वृत्तपत्रीय परीक्षणांतून जब्या आणि शालू यांच्या एकतर्फी, अबोल ओढीला अग्रस्थान मिळाले. खालच्या समजल्या जाणाऱ्या जातीतील शाळकरी मुलगा, वरच्या जातीतील वर्गभगिनी, तिला वश करण्यासाठी काळ्या चिमणीची राख हवी म्हणून रानोमाळ चालणारा शोध, ही कथा सांगण्यास सोपी होती. चिमणी हे प्रतीक हाताशी होते. दिग्दर्शक कवी होता, आणि बापाची भूमिका करणारे किशोर कदम हेही 'सौमित्र' या नावाने लिहिणारे कवीच. मग 'पडद्यावरची कविता' या धर्तीचे वर्णन अपरिहार्यच होते.

येथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. या वर्णनात तथ्य आहे. विक्रम अमलाडी यांच्या छायाचित्रणात उजाड माळ, बाभळी आणि उन्हाचा पांढरेपणा यांना जे स्थान आहे ते केवळ नेपथ्याचे नाही. संवाद कमी आहेत आणि मुलाच्या चेहऱ्यावर कॅमेरा थांबतो. पण चिमणीच्या शोधाकडे पाहत राहिलेल्या समीक्षेने त्या शोधात सतत येणारा व्यत्यय पुरेसा मोजला नाही. तो व्यत्यय म्हणजे काम.

चित्रपटाचा घटनाक्रम या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखा आहे. गटारात अडकलेले डुकराचे पिल्लू बाहेर काढण्यास जब्याला सांगितले जाते, तो शालूच्या देखत नकार देतो आणि ते काम त्याच्या बापाला, कचरू माने याला, करावे लागते. जत्रेत जब्या इतर मुलांबरोबर नाचू पाहतो, तेव्हा त्याच्या डोक्यावर दिव्याची बत्ती येते आणि नाचणाऱ्यांना उजेड देण्याचे काम त्याच्या वाट्याला येते. या प्रसंगात मिरवणूक तीच, रस्ता तोच आणि मुलगाही तोच. फक्त एका क्षणात तो उत्सवात सहभागी होणारा न राहता उत्सवाची सोय होतो. मुलीच्या लग्नासाठी पैसा हवा म्हणून कचरू गावातील डुकरे पकडण्याचे काम अंगावर घेतो, आणि चित्रपटाचा उत्तरार्ध एका सकाळच्या त्या कामाने व्यापलेला आहे. शाळा भरलेली असताना जब्या शाळेच्या कुंपणाबाहेर डुकरामागे धावतो आहे. त्याचे वर्गमित्र प्रेक्षक आहेत.

हा दीर्घ पाठलाग कथानकाच्या गरजेपेक्षा लांबलेला आहे, असे कोणाला वाटू शकते. वास्तविक त्याची लांबी हाच त्याचा अर्थ आहे. डुक्कर पकडणे हे कसबाचे काम आहे. वाटा अडवाव्या लागतात, फास टाकावा लागतो, आईला, बहिणींना आणि मुलाला आपापल्या जागी उभे राहावे लागते. दिग्दर्शकाने ते कामाच्याच वेळेत दाखवले आहे, अपमानाच्या वेळेत आवरून घेतलेले नाही. प्रेक्षकागृहात या प्रसंगावर प्रथम हसू येते आणि पुढे ते हसू घशात अडकते, हा अनुभव अनेकांनी नोंदवला आहे. मात्र ज्याच्यावर हसलो तो मुलगा त्या क्षणी कुटुंबाच्या मिळकतीत भर घालत होता, ही बाब चर्चेत क्वचितच आली.

त्याऐवजी चर्चा एकवटली ती तीन दृश्यांवर. शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येताच पाठलाग थांबवून ताठ उभे राहिलेले कुटुंब आणि तेवढ्यात निसटलेले डुक्कर, हे पहिले. काठीला उलटे टांगलेले डुक्कर खांद्यावरून नेताना मागच्या भिंतीवर दिसणारी डॉ. आंबेडकर, सावित्रीबाई फुले, शाहू महाराज आणि गाडगेबाबा यांची चित्रे, हे दुसरे. आणि शेवटी जब्याने भिरकावलेला, कॅमेऱ्याच्या दिशेने म्हणजे प्रेक्षकाच्या दिशेने आलेला दगड. या तिन्ही दृश्यांना प्रतीकमूल्य आहे आणि ते वाचण्यात समीक्षेने कसूर केली नाही. तथापि प्रतीक वाचले की दृश्य संपले, असा एक समज या वाचनात दिसतो. भिंतीसमोरून ते डुक्कर वाहून नेणाऱ्यांपैकी एक शाळेत असायला हवा होता, ही साधी गोष्ट महापुरुषांच्या चित्रांपेक्षा अधिक बोलकी आहे.

जातीच्या अंगाने झालेली चर्चा अधिक गंभीर होती, आणि तिचे मोल कमी लेखता येणार नाही. चित्रपट प्रदर्शित होऊन अडीच महिने होण्याच्या आत, २८ एप्रिल २०१४ रोजी, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात खर्डा येथे सतरा वर्षांच्या एका दलित मुलाची हत्या झाली. वरच्या जातीतील मुलीशी त्याचे बोलणे हे त्यामागचे कारण असल्याचा आरोप होता. चित्रपटातील गावही याच जिल्ह्यातले. पडद्यावरचा दगड आणि खर्ड्यातील वास्तव यांची सांगड अनेक लेखकांनी घातली. 'फँड्री' ही हळुवार प्रेमकथा आहे, असे म्हणणे त्यानंतर कठीण झाले. या खटल्यातील आरोपींची नोव्हेंबर २०१७ मध्ये जिल्हा न्यायालयातून निर्दोष सुटका झाली, तेव्हा चित्रपटाचा उल्लेख पुन्हा झाला. पुढे २०१८ मध्ये सूरज एंगडे यांनी 'दलित सिनेमा' हेच शीर्षक घेऊन लिहिलेल्या निबंधामुळे ही संज्ञा विद्यापीठीय चर्चेत स्थिरावली.

परंतु येथेच एक बारीक, तरीही महत्त्वाचा तपशील सुटला. चित्रपटातील माने कुटुंब कैकाडी समाजाचे आहे. शीर्षकातील शब्दही कैकाडी भाषेतील आहे. ही भाषा द्राविड कुळातील असून, तमिळमध्ये डुकरासाठी असलेल्या 'पंड्रि' सारख्या उच्चाराच्या शब्दाशी 'फँड्री'चे नाते उघड दिसते. बहुसंख्य मराठी प्रेक्षकांना हा शब्द परका, किंबहुना इंग्रजी वळणाचा वाटला आणि वृत्तपत्रांना त्याचा अर्थ सांगावा लागला. आपल्याच राज्यात, आपल्याच गावकुसाबाहेर बोलल्या जाणाऱ्या भाषेतील शब्द समजावून सांगावा लागणे, हाच खरे तर चर्चेचा विषय व्हायला हवा होता.

कैकाडी समाजाचे प्रशासकीय स्थान तर त्याहून गुंतागुंतीचे आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या छायेत जे समाज आले, त्यांपैकी हा एक. ऑगस्ट १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला आणि हे समाज 'विमुक्त' म्हणवले जाऊ लागले. विदर्भात, राजुरा तालुका वगळता, कैकाडी समाज अनुसूचित जातींच्या यादीत आहे. उर्वरित महाराष्ट्रात तो विमुक्त जातींमध्ये मोडतो. म्हणजे ज्या भागात 'फँड्री' घडतो त्या भागात जब्या हा कायद्याच्या भाषेत अनुसूचित जातीचा नाही. 'दलित' ही संज्ञा व्यापक राजकीय अर्थाने त्याला लागू होते, यात वाद नाही, आणि दिग्दर्शकाने भिंतीवर जी चित्रे लावली आहेत ती त्या व्यापक अर्थाकडेच बोट दाखवतात. मात्र 'दलित' आणि 'विमुक्त' या दोन इतिहासांमधील फरक पुसला गेला की कचरू मानेच्या वागण्यातील एक धागाही पुसला जातो. गावातील प्रतिष्ठितांसमोर त्याचे सतत वाकणे, कोणतेही काम नाकारण्याची त्याला वाटणारी भीती, ही केवळ अस्पृश्यतेने आलेली लाचारी नाही. ज्यांच्या पूर्वजांना जन्मतःच संशयित ठरवले गेले आणि ज्यांना गावात हक्काचे बलुतेही नव्हते, त्यांचे गावात असणे हेच गावाच्या मर्जीवर अवलंबून होते. कचरूचे वाकणे हे वस्तीचे भाडे आहे, असे म्हटल्यास ते वावगे ठरू नये.

या संदर्भात सातारा जिल्ह्याला विसरून चालत नाही. फलटण तालुक्यातून आलेले लक्ष्मण माने यांचे 'उपरा' हे आत्मकथन १९८० साली ग्रंथालीने प्रसिद्ध केले आणि १९८१ साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कैकाडी समाजाचे जिणे, गाढवांवर लादलेला संसार, फोकांच्या टोपल्या विणण्याचे काम आणि त्या समाजाची भाषा या पुस्तकाने प्रथमच मराठी वाचकासमोर ठेवली. चित्रपटातील कुटुंबाचे आडनावही माने असावे, हा योगायोग असो वा नसो, 'उपरा'च्या वाचकाला ते आडनाव ओळखीचे वाटल्याशिवाय राहत नाही. असे असूनही 'फँड्री'च्या परीक्षणांत 'उपरा'चा उल्लेख अपवादानेच आढळतो. चित्रपटसमीक्षक चित्रपटांची तुलना चित्रपटांशीच करतात, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण असे की, 'उपरा' आणि त्यानंतरचे लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) यांनाही साहित्यसमीक्षेने बहुधा 'दलित आत्मकथने' याच खणात ठेवले होते. तेथे जो फरक नोंदवला गेला नाही, तो पडद्यावर ओळखू येणे अवघडच होते.

या दोन कृती शेजारी ठेवल्या की एक विलक्षण उलटापालट दिसते. 'उपरा'तील बाप भटकंतीच्या धबडग्यातही मुलाला शाळेत घालतो. 'फँड्री'तील बाप शाळेत बसलेल्या मुलाला डुकरामागे नेतो. दोन्हींमध्ये तेहतीस वर्षांचे अंतर आहे. या काळात गावोगावी शाळा आल्या आणि २०१० पासून शिक्षणहक्क कायदा अमलात आला. टोपल्यांची जागा मात्र प्लॅस्टिकने घेतली, आणि कसबाचे काम गेल्यावर मागे उरले ते गावाला नको असलेले काम. कचरू हा निर्दय किंवा अडाणी बाप म्हणून अनेकदा वाचला गेला. त्याच्या हातातून निसटलेल्या धंद्याचा हिशेब मांडला असता, तर हे वाचन इतके सोपे राहिले नसते.

शासकीय गौरवाची वर्गवारीदेखील या दृष्टीने उद्बोधक आहे. एप्रिल २०१४ मध्ये जाहीर झालेल्या ६१ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत 'फँड्री'ला दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटासाठीचा इंदिरा गांधी पुरस्कार मिळाला आणि जब्याची भूमिका करणाऱ्या सोमनाथ अवघडे याला बालकलाकाराचा पुरस्कार विभागून देण्यात आला. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला तो 'आजचा दिवस माझा', तर सामाजिक प्रश्नावरील चित्रपटाचा पुरस्कार 'तुह्या धर्म कोंचा' या दुसऱ्या मराठी चित्रपटाकडे गेला. पुरस्कारांच्या निवडीवर टीका करण्याचे येथे प्रयोजन नाही. एकाच वर्षी अनेक चांगल्या कृती असतात. तरीही 'फँड्री' सरकारदरबारी पदार्पण आणि अभिनय या कलाविषयक रकान्यांत नोंदला गेला, सामाजिक प्रश्नाच्या रकान्यात नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. वृत्तपत्रांनी त्याला कविता म्हटले होते, आणि पुरस्कारांनी नकळत त्याच वाचनावर शिक्कामोर्तब केले.

राहता राहिला तो दगड. त्याचे वाचन विद्रोह म्हणून झाले आणि ते योग्यच आहे. 'फँड्री' या शिवीला अखेरीस शब्दाने उत्तर मिळत नाही. पण या दगडाचा आणखी एक पदर आहे. मंजुळे वडार समाजातून आलेले आहेत. दगड फोडणे, खाणीत उतरणे, मातीकाम करणे हे या समाजाचे परंपरागत काम. महाराष्ट्राच्या रस्त्यांखाली, विहिरींच्या काठाशी आणि इमारतींच्या पायात या हातांनी फोडलेला दगड आहे. कोयनानगरच्या रहिवाशांना तर हे निराळे सांगण्याची गरज नाही. ज्या १०३ मीटर उंचीच्या भिंतीच्या आधाराने हे गाव उभे राहिले ती रबल काँक्रीटची, म्हणजे मोठमोठे दगड बसवून बांधलेली आहे. आणि अशा प्रत्येक बांधकामाच्या गौरवकथेत अभियंत्यांची नावे असतात, दगड फोडणाऱ्यांची नसतात. वडार घरातून आलेल्या कवीच्या पहिल्या चित्रपटाच्या अखेरच्या क्षणी पडद्यावर दगडच यावा, यात विद्रोहाइतकाच कामाचाही वारसा आहे. 'अखेरचा दगड' हा 'फँड्री'विषयीच्या लेखनातला सर्वाधिक चर्चिलेला विषय असूनही दगडाचा हा दुसरा पदर फारसा उलगडला गेला नाही.

२९ एप्रिल २०१६ रोजी मंजुळे यांचा 'सैराट' प्रदर्शित झाला. त्याच्या अभूतपूर्व व्यावसायिक यशानंतर 'फँड्री'चे वाचन मागे वळून होऊ लागले. तो 'सैराट'ची पूर्वतयारी, आंतरजातीय प्रेमाच्या कथेचा पहिला अध्याय ठरला. ज्या प्रेमकथेच्या चौकटीतून खर्ड्याच्या घटनेने 'फँड्री'ला बाहेर काढले होते, तिच्यातच तो पुन्हा नेऊन ठेवला गेला. या वाचनात जब्या हा परश्याचा धाकटा भाऊ झाला आणि डुकरांमागची ती सकाळ आणखी मागे पडली.

त्याच वर्षी जुलै महिन्यात संसदेने बालकामगार कायद्यात दुरुस्ती केली. चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास या दुरुस्तीने सरसकट बंदी घातली, परंतु एक अपवादही ठेवला. शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत मुलाने आपल्या कुटुंबाला किंवा कौटुंबिक व्यवसायाला, तो धोकादायक नसल्यास, मदत करण्यास हरकत नाही, असा तो अपवाद. कौटुंबिक व्यवसाय जेव्हा जातीने ठरवून दिलेला असतो तेव्हा या मदतीचा अर्थ काय होतो, हा प्रश्न त्या वेळी बालहक्कांसाठी काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी उपस्थित केला होता. कचरू, नानी, बहिणी आणि जब्या असे सारे कुटुंब ज्या कामात एकत्र उतरते, ते काम पडद्यावर येऊन तेव्हा दोन वर्षे उलटली होती.